हॅपी कोड

दोन फेब्रुवारीला सकाळी आठ चाळीसला खरवईच्या चढावर यशोधराची खुर्ची मेली. बंद पडली, बिघडली असं म्हणायची पद्धत आहे, पण ज्याला त्या खुर्चीत बसून कामावर पोचायचं असतं त्याला हे शब्द फार सभ्य वाटतात. खुर्ची बॅटरीवर चालणारी होती. उजव्या हाताशी एक छोटा दांडा, तो जिकडे ढकलावा तिकडे खुर्ची जायची. त्या दिवशी दांड्याखालच्या डबीवरचे पाच हिरवे दिवे लाल झाले, दोनदा मिचकावले आणि विझले. यशोधरानं दांडा पुढे ढकलला, मागे ओढला, शेवटी त्याला एक अस्सल शिवी घातली. मागे सिमेंटचा ट्रक हॉर्नवर हात ठेवून उभा होता. ड्रायव्हरची खात्री पटली होती की बाई मुद्दाम रस्ता अडवून बसली आहे.

यशोधरा एकतीस वर्षांची. लहानपणापासून स्नायूंचा आजार. कीबोर्डवर तिची बोटं भल्याभल्यांना मागे टाकतील, पण साध्या खुर्चीची चाकं स्वतः फिरवायची ताकद दंडात नाही. खरवई एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, डिस्पॅचला, तिला नोकरी लागून पाच महिने झाले होते. सहा महिने भरले की कायम. काम बैठं नव्हतं, निदान इतरांच्या अर्थानं. गेटवर जाऊन ट्रकचे कागद बघायचे, वजनकाट्यावरचा आकडा घ्यायचा, ऑफिसात येऊन चलन टाइप करायचं, पुन्हा गेट. दिवसातून तीस फेऱ्या. आत बाहेरचं माणूस न्यायला सुरक्षेच्या नियमांची बंदी, त्यामुळे मागून ढकलायला कोणाला सोबत घेऊन जायची सोय नव्हती.

एचआरच्या चैत्राली मॅडम फोनवर फार गोड बोलल्या. "यशोधरा, टेक केअर हं. आरामात रिपेअर करून घे. फक्त एक मार्चला नऊला तुझं पंच पडलं पाहिजे. त्यानंतर मला तुझी सीट होल्ड नाही करता येणार, वरून प्रेशर आहे." आरामाची मुदत सत्तावीस दिवस होती.

यशोधराचे वडील शिवराम अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी मशिनी उघडल्या आणि परत लावल्या. लेकीची खुर्ची चौघांनी ढकलत घरी आणली तेव्हा ते दारात स्क्रू ड्रायव्हर घेऊनच उभे होते. पण डबीवर चांदीसारखा चकचकीत स्टिकर होता: सील तुटल्यास वॉरंटी बाद. वॉरंटी तीन वर्षांची होती आणि त्यातलं दीड वर्ष अजून शिल्लक होतं.

"बाबा, हात लावू नका," यशोधरा म्हणाली.

"अगं, आत एखादी वायर सुटली असेल."

"असेल. पण तुम्ही उघडलंत की ते हात वर करतील."

शिवरामांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. कुलूप लावलेल्या मशिनीसमोर फिटरनं हात बांधून बसायचं, ही गोष्ट त्यांच्या नोकरीत कधी घडली नव्हती. ते दिवसभर तिच्याभोवती घुटमळत राहिले.

खुर्ची बनवणाऱ्या कंपनीचं नाव सुखगती मोबिलिटी. तिचा तक्रार क्रमांक लावला की आधी तीन मिनिटं बासरी वाजते. मग एक मुलगी हिंदीत सांगते की आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. ती इतकी महत्त्वाची असते की तिला हात लावायला सहसा कोणी धजत नाही. यशोधराची तक्रार नोंदवली गेली, तिला अकरा आकडी नंबर मिळाला आणि सहाव्या दिवशी उल्हासनगरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस दारात आला.

त्याचं नाव अनीश. चाळिशी उलटलेला, चष्मा कपाळावर, पाठीवर एवढी मोठी सॅक की त्यात अख्खी खुर्ची मावावी. शिवरामांना हायसं वाटलं. सॅकमधून अनीशनं एक मोबाइल आणि एक पाण्याची बाटली काढली. खुर्चीचे चार फोटो घेतले, दांडा हलवला, आणि त्याखालच्या डबीवर टिचकी मारून म्हणाला, "कंट्रोलर गेला."

"मग बदला," यशोधरा म्हणाली.

"पार्ट नाय ना मॅडम. ऑर्डर टाकावा लागेल."

"मग आज कशाला आलात?"

"आज व्हिजिट आहे," अनीश म्हणाला. व्हिजिट आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या शिकलेल्या बाईला कसं माहीत नाही, असा त्याचा चेहरा होता.

शिवरामांनी त्याला बसवलं. पाणी दिलं, पोहे दिले, पोह्यांवर वरून आणखी पोहे दिले. अनीशनं मन लावून खाल्ले. उल्हासनगरहून दोन रिक्षा बदलून आलोय, शेठ पेट्रोल देत नाही, मुलीची दहावी आहे, असं सगळं सांगितलं. तेवढ्यात यशोधराला ऑफिसचा फोन आला, ती लॅपटॉपवर कागद शोधायला लागली, आणि इकडे अनीश हळूच म्हणाला, "काका, तुमच्या मोबाइलवर चार आकडे आले असतील. तेवढे सांगा."

या चार आकड्यांना कंपनीत हॅपी कोड म्हणतात. काम झालं, गिऱ्हाईक खूश झालं, की त्यानं हा कोड कारागिराला सांगायचा. मग तक्रार बंद होते आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर एक हसरा चेहरा उमटतो. खुर्चीच्या अर्जावर नंबर शिवरामांचा होता, म्हणून कोड त्यांच्याकडे आला होता.

"पण काम तर झालं नाही," शिवराम म्हणाले.

"काका, कोड नाय घेतला तर शेठ आजचा दिवस कापतो. पार्ट आला की मी स्वतः येतो. तुमच्या घरचं खाल्लंय, खोटं नाय बोलणार."

आता शिवराम हे असे गृहस्थ, की घरात आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये हा त्यांच्या घराचा कायदा. भिमाबाई, म्हणजे यशोधराची आई, असताना तो होता आणि ती गेल्यावर तर त्यांनी तो आणखीच घट्ट केला होता. पोह्यांनंतर द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी चष्मा लावून कोड वाचून दाखवला, दोनदा, सावकाश, चूक होऊ नये म्हणून.

अनीश रिक्षात बसेपर्यंत मेसेज आला. प्रिय ग्राहक, आपले समाधान नोंदवले गेले आहे. आपल्या आनंदात सुखगती परिवार सहभागी आहे.

यशोधरानं तो मेसेज वाचला आणि वडिलांकडे बघितलं. बापानं आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही, याचाच तिला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला.

"त्याचा दिवस कापला असता गं," शिवराम म्हणाले.

"आणि माझे किती दिवस कापले, बाबा?"

संध्याकाळी त्यांनी चहा केला नाही, यावरून काय ते कळलं.

दुसऱ्यांदा तक्रार करायला फोन लावला तेव्हा बासरीनंतरच्या मुलीनं नवाच मुद्दा काढला. "मॅम, सिस्टीममध्ये तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झालेला दिसतोय. आणि मॅम, तुम्ही आमच्या कस्टमर नाही आहात."

"मग कोण आहे?"

"दिव्यस्पर्श प्रतिष्ठान, अंबरनाथ. खरेदी त्यांची आहे. तुम्ही फक्त लाभार्थी आहात, मॅम."

ही गोष्ट खरी होती. दीड वर्षापूर्वी दिव्यस्पर्श प्रतिष्ठाननं अकरा जणांना अशा खुर्च्या वाटल्या होत्या. मांडव घातला होता, मांडवाच्या कमानीवर अध्यक्ष हरिचंद्रदादांचा फोटो होता, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवरही दादांचा फोटो होता. त्यामुळे यशोधरा दीड वर्ष रोज दादांना पाठ टेकून कामावर जात होती.

आता गरज दादांची होती. रिक्षावाल्यानं आणि शेजारच्यांनी उचलून तिला रिक्षात बसवलं, घडीची जुनी खुर्ची मागे बांधली आणि बापलेक अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या प्रतिष्ठानच्या कार्यालयात पोचली. बोर्ड मोठा होता: दिव्यांगांच्या सेवेसाठी सदैव तत्पर. बोर्डाखालून जिना सुरू होत होता. अठरा पायऱ्या. कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नावाची वस्तू इमारतीच्या नशिबात नव्हती.

शिवराम गुडघा धरत वर गेले. थोड्या वेळानं दादा स्वतः गॅलरीत आले. गळ्यात जाड चेन, हातात पेढ्याचा बॉक्स, कठड्यावर रेललेले. दादा माणूस वाईट नव्हता. त्याला चांगलं करायची हौस होती, आणि ती सगळ्यांना दिसावी एवढीच त्याची अट होती.

"बोल बाय, काय झाला?" ते वरून म्हणाले.

यशोधरा रस्त्यावरून, मान वर करून, जाणाऱ्या-येणाऱ्या भाविकांच्या देखत बोलली. "दादा, खुर्ची बंद आहे. कंपनी म्हणते ग्राहक तुम्ही. तुम्ही एक पत्र द्या, की दुरुस्त करून द्या म्हणून."

"अगो, आपण दान दिला. दिलेल्या वस्तूकडं परत वळून बघत नाय आपण. तशी आपली पद्धत नाय."

"वळून बघू नका. सही करा फक्त."

आजूबाजूचे दोघं हसले. दादांना ते आवडलं नाही. "असा कर," ते म्हणाले, "डिसेंबरात परत वाटप हाय. तुजा नाव घालतो. नवीनच घे. यंदा लाल कलर आणतोय."

"डिसेंबरात? मला एक मार्चला कामावर जायचंय, दादा. नवीन नको. हीच चालू पाहिजे."

दादा खरोखर गोंधळात पडले. नवी खुर्ची देतो म्हटल्यावर जुनीची दुरुस्ती मागणारं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. "अगो, पन रिपेरिंगचा कार्यक्रम कसा करनार?" ते म्हणाले. "पावन्यांना काय बोलवू, या, कंट्रोलर बदलतोय? फोटो तरी काय येल?"

त्यांनी वरून पेढा पाठवला. शिवरामांनी तो जिना उतरत जपून आणला. यशोधरानं खाल्ला नाही.

परतीच्या रिक्षात तिला अचानक हसू फुटलं. शिवराम घाबरले. तिला आठवलं होतं ते कारखान्यातलं. गेल्याच महिन्यात प्लांटमधल्या एका पंपाची मोटर गेली होती. तेव्हा पुरवठादाराला पत्र यशोधरानंच टाइप केलं होतं. कराराचं कलम अमुक, मुदत तमुक, मुदतीत काम न झाल्यास होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चार माणसं नवी मोटर घेऊन गेटवर हजर होती. त्यांनी चहासुद्धा मागितला नव्हता. पंपाला जे मिळतं ते आपल्याला मिळत नाही, कारण पंपाच्या वतीनं कोणी हात जोडत नाही, हे तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

घरी येऊन तिनं वॉरंटी कार्ड काढलं. मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: बिघाड सात कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त करू, न झाल्यास तोवर वापरायला पर्यायी खुर्ची देऊ. शिवरामांनी भिंगातून वाचलं आणि भिंग पुसून पुन्हा वाचलं. मग यशोधरानं ग्राहक संरक्षण कायदा उघडला. सगळा वाचायची गरज पडली नाही. सुरुवातीलाच, ग्राहक म्हणजे कोण ते जिथे सांगितलंय तिथेच, तिचं काम झालं. वस्तू ज्यानं पैसे देऊन घेतली तो तर ग्राहकच, पण त्याच्या संमतीनं जो ती वापरतो तोही ग्राहक. आणि संमतीचा पुरावा तर कमानीएवढा होता. खुर्चीच्या पाठीवर दादा स्वतः हसत होते.

"म्हणजे लाभार्थी नाही?" शिवराम म्हणाले.

"नाही. गिऱ्हाईक."

शिवराम ताठ बसले. युनियनमध्ये असताना बसायचे तसे.

आता एकटीनं लिहिण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून लिहावं, म्हणून तिनं बाकीच्या दहा जणांना फोन लावले. वाटपाच्या पत्रकात नावं होतीच. दहातल्या सहा खुर्च्या बंद होत्या. एकीवर धुणं वाळत होतं. एकीची बॅटरी काढून घरच्या इन्व्हर्टरला लावली होती, आणि तो माणूस म्हणत होता की ताई, लाइट जाते तेव्हा फार उपयोगाची खुर्ची आहे. सही करायला मात्र कोणी तयार नव्हतं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल बोलायचं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं वाटतं, असंच प्रत्येकाचं म्हणणं.

सगळ्यात जास्त वेळ बोलली ती कुळगावची वेणूमावशी. साठी ओलांडलेली, पाठीच्या ऑपरेशननंतर दोन्ही पाय गेलेली, खांदाही धड नाही. खुर्ची होती तेव्हा रोज सकाळी मंडईत जाऊन सुनेच्या भाजीच्या टोपल्यांपाशी बसायची, भाव करायची, भांडायची. चार महिन्यांपूर्वी खुर्ची बंद पडली आणि सर्व्हिस सेंटरचा टेंपो ती उल्हासनगरला घेऊन गेला. तेव्हापासून मावशी ओटीवर.

"मावशी, चार महिने? सात दिवसांत द्यायचा नियम आहे. तुमचं नाव घालू का पत्रात?"

"नको गो बाय. ज्यांनी दिला त्यांच्याच नावान कागद करू? उद्या वाटेत दादा भेटला तं तोंड कसा दाखवू?"

"दादांच्या नावानं नाही, कंपनीच्या."

"सगली एकच माणसा ती. आन ते काय बोलले, आनतो. आनतील. तू लिव तुजा. मना नको त्यात."

तेव्हा यशोधरानं एकटीच्याच नावानं लिहिलं. पंपाचं पत्र समोर ठेवून, शब्द न शब्द त्याच चालीत. विनंती नाही, कृपया नाही, आपली नम्र तर नाहीच नाही. वॉरंटीची अट, तक्रारीची तारीख, कायद्यातली ग्राहकाची व्याख्या, काम न करता घेतलेला कोड. पंधरा दिवसांत खुर्ची चालू झाली नाही तर ग्राहक आयोगाकडे तक्रार आणि दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज. नोकरी गेल्यास नुकसानभरपाई आपल्याकडून. शिवराम कुळगावच्या पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले आणि पोचपावती त्यांनी घरी येईपर्यंत खिशातून तीनदा काढून बघितली.

पत्राचा परिणाम बघण्यासारखा झाला. बासरी गायब झाली. सुखगतीच्या कोणा विभागीय व्यवस्थापकानं स्वतः फोन केला, शुद्ध मराठीत. "मॅडम, आपण एवढ्या टोकाला का जाता? आपण आमच्या आदरणीय ग्राहक आहात." आठ दिवसांपूर्वी ती फक्त लाभार्थी होती. एका रजिस्टर पोस्टात तिची एवढी बढती झाली. चैत्राली मॅडमनंही मेसेज केला: फिंगर्स क्रॉस्ड, सीट अजून होल्डवर. पण पार्ट काही येईना. आज निघाला, उद्या पोचतो, पुण्यात अडकलाय, भिवंडीत उतरलाय, असं करत करत अठ्ठावीस तारीख उजाडली आणि मावळली.

एक मार्चला सकाळी सव्वासातला बेल वाजली. दारात अनीश. या वेळी सॅक जड होती.

"मॅडम, जय भीम. काका, नमस्ते. आणलाय. अर्ध्या तासाचं काम."

यशोधरा आंघोळ करून, कारखान्याचा निळा शर्ट घालून, पलंगावर तयार बसली होती. अनीशनं जुनी डबी दांड्यासकट सोडवली, सॅकमधून दुसरी काढली, वायरी जोडल्या, लॅपटॉप लावून कंपनीचा पासवर्ड टाकला. शिवराम शेजारी उकिडवे बसून एकेक हालचाल बघत होते. पाच दिवे लागले. हिरवे. शिवरामांनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोघांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं. तिनं दांडा धरला, खोलीत एक गोल चक्कर मारलं. सत्तावीस दिवसांनी ती स्वतःच्या मनानं खिडकीपाशी गेली, स्वतःच्या मनानं दारापाशी आली. तिला रडू येईल असं वाटलं. मग तिचं लक्ष डबीकडे गेलं.

डबीच्या कडेच्या फटीत लाल काही तरी साचलं होतं. तिनं नखानं खरवडलं. कुंकू. त्याच्याखाली हळदही. दसऱ्याला कोणीतरी या डबीची पूजा केली होती, मनापासून, भरपूर कुंकू वाहून. यशोधराच्या घरात कशाचीच पूजा होत नाही, आणि कारखान्यातून आलेल्या नव्या पार्टला तर कोण कुंकू लावणार?

"अनीश, हे नवीन नाही."

"चेक केलेलं आहे मॅडम. एकदम ओके."

"कोणाचं आहे?"

अनीशनं चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. "वर्कशॉपचा माल आहे."

"वर्कशॉपमध्ये कोणाच्या खुर्चीवर होतं?"

तो वायरी गुंडाळायला लागला. शिवराम हळूच म्हणाले, "सांग बाबा. माझ्या घरचं खाल्लंयस."

ते ऐकल्यावर अनीश खालीच बसला. "काका, पार्ट येतच नाय. कंपनीकडं नाय, शेठकडं नाय. तुमचं लेटर आलं, वरून शेठला झापला, कायपण करून हिची चालू कर. एक खुर्ची चार महिने पडून होती वर्कशॉपला. तिचं मोटर जळालंय, कंट्रोलर चालू होता. शेठ बोलला, हिचा काढ नि तिला लाव."

"आणि ती कोणाची?"

"कुळगावची म्हातारी आहे. तिची काय कंप्लेंट नाय." मग त्यानं फार समजूतदारपणे सांगितलं, "ज्याची कंप्लेंट नाय त्याचाच काढतात, मॅडम. तसंच चालतं."

यशोधराला त्या डबीवरून हात उचलावासा वाटला. हात उचलला तर खुर्ची चालणार नव्हती. तिनं पंपाचं पत्र लिहून कंपनीला वाकवलं असं तिला आठ दिवस वाटत होतं, आणि कंपनीनं वाकून काय केलं, तर वेणूमावशीच्या खुर्चीचा हात तोडून तिला आणून दिला. घड्याळात सात पंचावन्न झाले होते. नऊला पंच. डबी परत कर म्हणावं, तर ती मावशीकडे जाणार नव्हती, पुढच्या कोणा बोंबा मारणाऱ्याकडे जाणार होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरीही दांडा सोडवेना, हे तिनं मनाशी कबूल केलं.

"काका, कोड आला असेल," अनीश पुटपुटला.

शिवराम उठले. मोबाइल घेऊन येतील असं दोघांनाही वाटलं. ते आतून एक कोरा कागद आणि पेन घेऊन आले आणि अनीशपुढे ठेवलं.

"आधी लिही. आता जे बोललास ते सगळं. कोणाच्या खुर्चीतून काढलं, कधी, कोणी सांगितलं. खाली सही."

"काका, माझी नोकरी जाईल!"

"मागच्या वेळी तुझा दिवस वाचवला, तर इकडे हिची नोकरी चालली होती," शिवराम म्हणाले. "तुला जे सांगितलं ते तू केलंस, तेवढंच लिही. नाही लिहिलंस तर कोड मिळणार नाही. आणि आज पोहे केलेले नाहीत."

अनीशनं लिहिलं. मराठीत सुरुवात केली, मध्येच हिंदीत गेला, सही इंग्रजीत केली. शिवरामांनी कागद भिंगातून वाचला, तारीख घालायला लावली, मगच चार आकडे सांगितले. एकदाच. आनंदात सहभागी झाल्याचा मेसेज लगेच आला.

आठ बेचाळीसला यशोधरा चढ चढून कारखान्याच्या गेटवर होती. आठ पन्नासला तिचं पंच पडलं. चैत्राली मॅडम टाळ्या वाजवत आल्या. "सी? पेशन्स ठेवला की सगळं होतं!" यशोधरानं त्यांना काही सांगितलं नाही. अकरा ट्रक सोडले, अकरा चलनं टाइप केली, आणि जेवणाच्या सुट्टीत कुळगावला फोन लावला.

"मावशी, यशोधरा बोलतेय. खरवईची."

"हां हां. झाली का तुजी खुर्ची?"

"झाली."

"बरा झाला गो. मी बोल्ले नव्हता? चांगली माणसा हायेत ती. आता माजी पन येल." आवाजात खरोखरचा आनंद होता. कालवण ढवळल्याचा आवाज मागून येत होता.

"मावशी, ऐका. माझ्या खुर्चीला त्यांनी जो दांडा लावलाय ना, तो तुमच्या खुर्चीचा आहे. तुमची त्यांनी खोलली. तुमची येणार नाही."

मागचा आवाज थांबला. यशोधरानं पुढचं सगळं भराभरा सांगून टाकलं, अनीशचा कागद, मोटर, शेठ, आणि मला तो परत करता आला असता पण मी केला नाही, हेही. तिला शिव्या हव्या होत्या. मंडईत मावशी ज्या देते म्हणतात तशा.

"कुंकू हाय अजून त्याला?" मावशीनं विचारलं.

"आहे."

"मीच लावलेला." मग आवाज बदलला, भाव करताना बदलत असेल तसा. "कोनाला ईचारून काढला त्यांनी?"

"कोणालाच नाही, मावशी. म्हणाले, तुमची तक्रार नव्हती."

"तक्रार नव्हती," मावशी म्हणाली. "चार महिने मी ओटीवर बसून त्यांना चांगला बोलतंय, आन त्यांनी त्याचा हा अर्थ काढला." तिनं श्वास घेतला. "ते पत्र तू लिवतेस ना, कंपनीला?"

"हो."

"परत लिव. माजा नाव पयला घाल. तुजा माज्याखाली."

यशोधरानं फोन खांद्याशी धरला आणि नवं पान उघडलं. "पूर्ण नाव सांगा, मावशी."

मावशीनं सांगितलं, नवऱ्याचं, सासऱ्याचं, आडनावासकट, थांबत थांबत, कारण तेवढं सगळं नाव आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं. यशोधरानं ते टाइप केलं आणि पुढे लिहिलं, ग्राहक.